आकड्याचं हाड

"शर्ट काढा," डॉक्टर अथणीकर म्हणाले. ते मला नव्हे, आण्णांना म्हणाले.

आण्णा गडबडले. "माजं न्हाई साहेब. पोरीचा खांदा दुखतोय."

"पोरीचा एक्स-रे बघितला मी. आता तुमचा काढू. मघाशी तुम्ही नमस्कार केलात तेव्हा उजवा हात डाव्या हातानं धरून वर आणलात."

मिरजेच्या त्या दवाखान्यात आम्ही माझ्यासाठी आलो होतो. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायचे. नेटवर उडी मारून स्मॅश मारायचं काम माझं. विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होणार होती आणि नेमकं त्याच वेळी माझ्या उजव्या खांद्यात कळ यायला लागली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण वेणी घालताना माझा हात मध्येच खाली आला, ते आण्णांनी अंगणातून बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते मिरजेला निघाले. आई म्हणाली होती, "जरा शेकून बघू की, लगीच मिरज कशाला?" पण आण्णांनी तिचं ऐकलं नाही.

एक्स-रे काढून झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही फोटो दिव्याच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. त्यांनी बोट ठेवलं तिथं मी बघितलं. खांद्याच्या पात्याचं हाड पुढं येऊन सांध्यावर छपरासारखं थांबलं होतं आणि त्याचं टोक खाली वळलं होतं. विहिरीतली बादली काढायच्या आकड्यासारखं. माझं तसं, आण्णांचंही तसंच.

"काहींचं हे छप्पर सपाट असतं," डॉक्टर म्हणाले, "काहींचं थोडं बाकदार. तुमच्या घराण्यात ते आकड्यासारखं दिसतंय. याच्या खालून स्नायूचा एक दोर जातो. हात वर उचलतो तो हाच. जागा कमी असली की हात वर केला की तो घासतो. रोज घासला की झिजतो, आणि झिजला की कधीतरी फाटतो. मुलीचा अजून फाटलेला नाही. हा हंगाम खेळ बंद. व्यायाम सांगतो, ते केले तर शस्त्रक्रिया लागायची नाही. तुमचा मात्र..." ते आण्णांच्या फोटोकडे वळले, "सांध्याचा गोळा वर सरकून थेट छपराला टेकलाय. मधला दोर शिल्लक नाही. कधीपासून हात उचलत नाही?"

"लई वरसं झाली. पडलो हुतो. म्हंजी, ढकललं हुतं."

"पडायच्या आधी दुखत होतं का?"

आण्णा लगेच म्हणाले, "न्हाई."

"नीट आठवून सांगा. धडधाकट दोर एका पडण्यात फाटायला फार मोठा मार लागतो. झिजलेला असेल तर थोडाही पुरतो."

"न्हाई म्हणलं न्हवं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि कागदावर माझे व्यायाम लिहायला घेतले.

आण्णांना ढकललं होतं ते माझ्या काकानं. ही गोष्ट आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकली होती की मी तिथं हजर होते असं मला वाटायचं. आण्णा तरुणपणी तालुक्यातले नावाजलेले व्हॉलीबॉलपटू होते. तेव्हा साखर कारखान्याचा संघ होता आणि संघात घेतलेल्या पोरांना कारखान्यात कायमची नोकरी मिळायची. आण्णांची निवड पक्की मानली जात होती. निवडीचे सामने तोंडावर आलेले असताना मळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांची बाचाबाची झाली. तानाजीकाका धाकटा आणि डोक्यानं गरम. त्यानं आण्णांना बांधावरून ढकललं. आण्णा खाली पाटाच्या दगडावर उजव्या खांद्यावर पडले. त्या दिवसापासून हात वर गेला नाही. नोकरी गेली, खेळ गेला.

काकाला कोणी घराबाहेर काढलं नाही. तो स्वतःच गेला. मळ्यातला आपला वाटा त्यानं सोडून दिला. "दादाचा हात मी मोडला, त्याला आता गडी लावायला लागंल," असं म्हणाला आणि विट्याला जाऊन रंगारी झाला. मी तेव्हा पोटात होते. पुढं तो गावात आला तो फक्त आजोबा, म्हणजे तात्या, वारले तेव्हा, आणि तेव्हाही ओढ्याच्या पलीकडं उभा राहून परत गेला. अलीकडं गावात बातमी आली होती की तानाजीचाही उजवा हात खांद्यातून गेला, आता ब्रश उचलत नाही. पारावर कोणीतरी हे सांगितलं तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले होते, "देव हाय."

मला वाटलं होतं, मिरजेहून परतताना आण्णा माझ्या खेळाबद्दल बोलतील. मला उभं राहता यायच्या आधी माझ्या हातात त्यांनी चेंडू दिला होता, असं आई सांगायची. गावातल्या मुलांबरोबर मला खेळायला पाठवलं म्हणून त्यांनी भावकीचं ऐकून घेतलं होतं. माझा हंगाम गेला होता आणि मला रडू येत होतं. पण एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. तासगाव गेल्यावर म्हणाले, "माज्या फोटोचं घरी काय बोलायचं न्हाई."

मी बोलले. संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी बसले होते. हाडाचं ऐकून तिनं माझ्या खांद्यावरून हात फिरवला आणि तिथं काही लागतंय का ते बघितलं. मग मी म्हणाले, "डॉक्टर आण्णांना विचारत होते, पडायच्या आधी दुखत होतं का. आण्णा नाही म्हणाले."

आईचा हात परातीत थांबला.

"न्हाई म्हणाले?"

"हो."

तव्यावरची भाकरी करपली तरी ती उलटेना. मग तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "लग्न होऊन मी आले तवापासनं मी तेल चोळत हुते त्या खांद्याला. शर्ट घालाय येत नव्हता त्यांस्नी. दात आवळून खेळायचं आणि घरी येऊन गुमान पडायचं. 'कुणाला बोलायचं न्हाई, निवड हुकंल' म्हणायचं. मी नवी सून. कुणाला बोलनार?"

"आणि नंतर? काका घर सोडून गेला तेव्हा?"

"तवा मी म्हणलं, भावजीस्नी एवढं कशाला... तर हे म्हणाले, 'ढकललं का न्हाई त्येनं? मग?' ढकललं तर हुतंच की गं. मला वाटलं, आधी थोडं हुतं, पडल्यावर जास्त झालं असंल. डॉक्टरचं मला काय कळतंय?" तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं. "तुझा हात खाली आलेला दिसला आणि दुसऱ्या दिवशी तुला घिऊन गेले. त्या दुखण्याला ते वळखत्यात, म्हणून गेले."

मी त्या रात्री जेवले नाही. कोणावर रागावले होते ते मला नीट सांगता आलं नसतं. आण्णांवर तर होतेच. पण त्यांनी मला एक दिवसही थांबू दिलं नव्हतं, ते मनातून जात नव्हतं.

सकाळी आण्णा गोठ्यात म्हशीला चारा टाकत होते. मी जाऊन सांगितलं, "मी विट्याला जाणार आहे. काकाकडं."

त्यांनी वर बघितलं नाही. "कशाला?"

"त्याचाही खांदा गेलाय. त्याचंही हाड असंच असेल. त्याला कळायला नको? तो समजत असेल की त्याला शिक्षा झालीय."

ते कडब्याच्या पेंढ्या सोडत राहिले. डाव्या हातानं सोडायचे आणि उजवा नुसता टेकवायचे. मग म्हणाले, "जा की. सांग त्येला. हाडामुळं झालं म्हणावं, तुज्या ढकलण्यानं न्हाई. मलाबी बरं वाटंल."

"आणि आधीपासून दुखत होतं ते?"

आण्णांचा चेहरा पडला. आईनं सांगितलं हे त्यांना तेव्हाच कळलं.

"ते कशाला?" ते म्हणाले. "हाडाचं सांगितलं की झालं की. त्येच्या डोस्क्यावरचं वझं उतरलं. आता जुनं उकरून कुणाचं भलं हुनार हाय?"

"मी नुसतं हाडाचं सांगणार नाही, आण्णा."

"मग काय सांगनार? तुजा बाप खोटारडा हाय म्हणून सांगनार?"

मी घरात गेले, साडी बदलली, आईकडून भाड्याचे पैसे घेतले आणि स्टँडवर गेले. तिथं बाकावर आण्णा आधीच बसले होते. अंगात धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी. माझ्याकडं न बघता ते थोडे सरकले आणि मला जागा दिली.

विट्याला गावाबाहेर, शाळेच्या पुढं काकाचं घर होतं. दोन खोल्या, वर पत्रा, पण भिंती अशा गुळगुळीत आणि रंग असा एकसारखा की रंगाऱ्याचं घर हे सांगायला नको. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं, आण्णांना ओळखलं आणि सूप तसंच ठेवून पदर डोक्यावर घेत आत पळाल्या. आतून काका आला. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होते. आण्णांचंच नाक, आण्णांचीच चाल. उजवा हात अंगाला चिकटलेला.

"दादा?" तो म्हणाला, आणि खाली वाकला. डाव्या हातानं त्यानं आण्णांच्या पायाला हात लावला आणि तसाच राहिला. उठेना. "दादा, तू आलास. माज्या घरी आलास."

"ऊठ," आण्णा म्हणाले. "ऊठ ताना."

त्यांना खुर्चीत बसवून काका स्वतः खाली जमिनीवर बसला. मी कोण ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिला. "छाया व्हय. पेपरात फोटो आलता तुजा. संघाचा. मी कापून ठेवलाय," म्हणाला. काकू चहा घेऊन आल्या. काका बोलतच होता, एवढी वर्षं साठलेलं एकदम बाहेर येत असावं तसा.

"माजा बी हात गेला बघ दादा. ज्या हातानं तुला ढकललं त्योच. मी हिला म्हणलं, बरं झालं. देवानं हिशेब चुकता केला. त्या दिवसापासनं झोप लागती बघ मला. खोटं वाटंल, पर हात गेला आणि झोप यायला लागली."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्या काकाकडं नाही, जमिनीकडं बघत होत्या.

आण्णांच्या हातात कप होता. त्यांनी तो खाली ठेवला. "ताना," ते म्हणाले, "मिरजेला गेलतो पोरीला घिऊन. डॉक्टरनं माजाबी फोटो काढला. आपल्या घराण्याचं हाडच तसं हाय म्हणाले. हितलं टोक आकड्यावानी वळलेलं. त्येच्यात दोर घासतोय आणि तुटतोय. पोरीचंबी तसंच. तुजंबी तसंच असनार."

काकाला नीट कळलं नाही. मी त्याला डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. सपाट छप्पर, बाकदार छप्पर, आकड्याचं छप्पर. ऐकता ऐकता त्यानं स्वतःचा डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि बोटांनी चाचपत राहिला.

"म्हंजी," तो म्हणाला, "दादाचा हात माज्यानं गेला न्हाई?"

मी आण्णांकडं बघितलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले.

काका रडायला लागला. बायकोसमोर, माझ्यासमोर, लाज न बाळगता. काकूंनी पदर तोंडाला लावला. "कुणाचीच चूक न्हवती व्हय दादा," तो म्हणत होता. "हाडाचीच चूक. आपण दोघं उगंच... सगळी वरसं उगंच गेली. आता माजं काय न्हाई. आता मी गावात येनार. तुज्या पंगतीला बसून जेवनार."

तिथं थांबता आलं असतं. मला आजही वाटतं, आण्णा तिथं थांबले असते तर मी तोंड उघडलं नसतं. गोठ्यात म्हणाले होते मी, पण काकाचा तो चेहरा बघितल्यावर माझी हिंमत नव्हती. सगळ्यांना पुरून उरेल असं हाड होतं ते. त्याच्या आड दोघेही बसू शकले असते.

आण्णा म्हणाले, "हाडाची न्हाई ताना."

काका डोळे पुसत होता. "काय?"

"आधीपासनंच दुखत हुतं. वरीसभर. तुजी वैनी तेल लावायची. शेवटी शेवटी हात वर जातच नव्हता. निवडीत माजी फजितीच हुनार हुती, मला ठावं हुतं." ते एका दमात बोलत होते, जमिनीकडं बघत. "तू ढकललंस, मी दगडावर पडलो, तवा पयलं काय आलं मनात सांगू? सुटलो, असं आलं. आता कुणी म्हणनार न्हाई की ह्येला जमलं न्हाई. मी पडूनच राहिलो. उठता येत हुतं, पर उठलो न्हाई. मग तू म्हणालास, दादाचा हात मी मोडला. मी न्हाई म्हणलो न्हाई."

बाहेर शाळेतल्या पोरांचा गलका चालला होता.

काकानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी मळा सोडला तवा बी?"

"तवा बी."

"तात्या गेलं, मी वड्याच्या पलीकडं उभा हुतो. तू बघितलंस माज्याकडं. तवा?"

आण्णांनी मान खाली घातली.

काका माझ्याकडं वळला. "पोरी, डॉक्टर काय म्हणाला? ह्यो दोर कशानं झिजतोय?"

मला सांगायचं नव्हतं. "हात वर करून सारखं काम केलं की," मी म्हणाले. "खेळ, नाहीतर..."

"न्हाईतर छत रंगवणं."

काकू एकदम म्हणाल्या, "मान वर, हात वर. दिवसच्या दिवस. रात्री शेकताना मी बघितलंय." त्या पहिल्यांदाच बोलल्या आणि त्या आण्णांशी बोलत होत्या. "शेतकऱ्याचं काम खाली वाकून असतंय. ह्यांस्नी कुणी छताला लावलं?"

"तू गप," काका म्हणाला. पण तो तिच्यावर रागावला नव्हता. तो उठून उभा राहिला. आधी पायाशी वाकणारा, जमिनीवर बसणारा माणूस तो नव्हताच. त्याची मान ताठ झाली होती आणि त्याच्या गालावर अजून पाणी होतं. मला वाटलं, हा आता आण्णांना मारणार. आण्णांनाही वाटलं असावं, कारण ते तसेच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, वाट बघत.

"चा झाला न्हवं तुजा?" काका म्हणाला. "आता जा."

"ताना..."

"जा दादा. मला काय सुचंना झालंय. माज्या हातनं काय हुईल ते मला ठावं न्हाई आणि ह्या वेळेला खरंच हुईल. तू जा."

आण्णा उठले. टोपी नीट केली आणि बाहेर गेले. मीही उठले, पण काका म्हणाला, "तू बस. पहिल्यांदा आलीयास, जेवल्याबगर जायचं न्हाई." काकूंनी मला पाट मांडला. मी जेवले. काका समोर बसून होता. तो डाव्या हातानं जेवत होता आणि त्याची ती सवय नवी होती, भाताची शितं खाली सांडत होती.

पुढं काय झालं ते सांगते. मी दोन महिन्यांनी काकाला मिरजेला नेलं. त्याचंही हाड आकड्याचंच निघालं. त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, हात जेवणापुरता वर जायला लागला, ब्रश मात्र सुटला. आण्णांनी मळ्यातला त्याचा वाटा परत करायचं ठरवलं, आईनं तसा निरोप पाठवला. काकानं सांगितलं, "कसणार कोण?" आणि विषय तिथंच राहिला. मी व्यायाम केले आणि पुढच्या वर्षी खेळले, पण स्मॅश मारायची जागा सोडून मागं. माझे सामने बघायला आण्णा येत राहिले. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. दोघे भाऊ एकमेकांना भेटले का, तर भेटले, माझ्या लग्नात. मांडवात शेजारी शेजारी उभे राहिले, फोटोसाठी. बोलले नाहीत.

पण त्या दुपारचं मला एवढं आठवतं. जेवण झालं आणि मी निघाले, तेव्हा काका दारापर्यंत आला. समोर रस्त्याच्या कडेला, जिथं झाड नव्हतं आणि आडोसाही नव्हता, तिथं आण्णा उभे होते. भर उन्हात, काकाच्या घराकडं पाठ करून.

काका बराच वेळ त्या पाठीकडं बघत होता. मग म्हणाला, "त्येला म्हणावं, गाडीला उशीर हाय. उन्हात उभं ऱ्हाऊ नगंस. शाळंच्या व्हरांड्यात बस म्हणावं."

"काका, तुम्हीच सांगा की."

त्यानं मान हलवली आणि आत गेला.

मी रस्ता ओलांडून गेले आणि काकाचा निरोप सांगितला. आण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. "त्यो म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी एकदा शाळेच्या व्हरांड्याकडं बघितलं, तिथली सावली बघितली, आणि गाडी येईपर्यंत ते उन्हातच उभे राहिले.